अमेरिकन गोष्टी आणि आमचं हाड

त्या अमेरिकन गोष्टी मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत आणि आजही आवडत नाहीत. कुणी म्हणेल, चौथीतून शाळा सोडलेल्या वेल्डरला अमेरिकन गोष्टींतलं काय कळणार. कळायचं तेवढं कळतं. मासा कुजलाय हे सांगायला पोहता यावं लागत नाही.

गोष्टी सांगितल्या माझ्या नातीने. ती इथेच बहरीनमध्ये जन्मली, ईसा टाउनच्या शाळेत इंग्रजीत शिकली आणि आता कॉलेजातही इंग्रजीच शिकते. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीत येतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वाचायला बंदी होती. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती माझ्याजवळ बसायची. मी अट घातली की इथे बसायचं तर मराठीत बोलायचं. मग तिने तिच्या परीक्षेला लागलेल्या गोष्टी मराठीत सांगायला घेतल्या. म्हणाली, "दादा, तुमची करमणूक होईल, माझी रिव्हिजन होईल." आमच्यात आजोबाला दादा म्हणतात.

करमणूक कसली? एक गोष्ट अशी. थंड मुलुखात एक माणूस रुळांखाली घालायचे लाकडी ओंडके तोडतो. बाप दारुडा होता म्हणून यानं न प्यायची शपथ घेतलेली. हिवाळा येतो, काम बंद पडतं, घरात सरपण नाही. तो एक दिवस दारूच्या गुत्त्यापाशी शेकायला थांबतो, आणि शेवटी त्याच दारात मरून पडतो. बर्फ त्याच्यावरही पडतो आणि बाजूच्या पिंपावरही. संपली गोष्ट. मी विचारलं, पुढे? ती म्हणाली, पुढे काही नाही. मी विचारलं, मग लिहिणाऱ्याचं म्हणणं काय? तर लिहिणाऱ्याचं म्हणणं काहीच नसतं म्हणे. तो फक्त बघतो.

दुसऱ्या गोष्टीत वादळ होतं. वाऱ्याने एका विधवेचं छप्पर नेलं आणि लिहिणारा सांगतो की वाऱ्याला ती बाई ठाऊकसुद्धा नव्हती. अरे, वाऱ्याला ती ठाऊक नसेल, पण शेजाऱ्यांना होती ना? शेजारी कुठे गेले होते? गोष्टीत शेजारी नव्हते. मी म्हटलं, या माणसाने वारा पाहिलाय, गाव पाहिलेला नाही.

नातीने मला समजावलं. याला नॅचरलिझम म्हणतात, मराठीत निसर्गवाद. माणूस म्हणजेही एक प्राणीच. तो कोणाच्या पोटी आला, कुठे वाढला, पोटाला काय मिळालं, यावर त्याचं सगळं ठरतं. आपण ठरवलं असं त्याला वाटतं, पण ते आधीच ठरलेलं असतं. लिहिणारा कुणाला बरावाईट म्हणत नाही. त्या काळातले पैसेवाले म्हणायचे की गरीब आपल्या पापाने गरीब आहेत. या लेखकांनी दाखवलं की बघा, थंडी बघा, मजुरी बघा, खोली बघा, मग बोला.

ती चांगलं बोलली. तिचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. त्या लोकांना घाम ठाऊक होता, एवढं मी कबूल केलं. ओंडका तोडताना कुऱ्हाड कशी अडकते, ओल्या मोज्यात बोटं कशी बधिर होतात, हे त्यांनी बरोबर लिहिलं होतं. पण घाम दाखवून झाल्यावर त्या माणसाच्या हातातलं सगळं काढून घ्यायचं आणि वर त्याला दया म्हणायचं, हे मला पटलं नाही. गच्चीवर उभं राहून खाली बुडणाऱ्याचं चित्र काढायचं आणि म्हणायचं, मी त्याला दोष देत नाही बरं का.

मी इतका का चिडतो ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. हा निसर्गवाद अमेरिकेतून यायची मला गरज नव्हती. तो आमच्या रत्नागिरीकडच्या गावात आधीपासून होता. आम्ही त्याला हाड म्हणतो. लग्न जुळवताना आमच्यात हाड बघतात. पोरगा कसा आहे ते मागाहून विचारतात. आधी आजा कसा होता, बापाने काय केलं, हे विचारतात. खाण तशी माती. माझ्यासाठी मागणी घालायला गेलेली माणसं या एका वाक्यावर परत आलेली आहेत. चहासुद्धा न पिता.

माझा बाप मचव्यावर खलाशी होता आणि प्यायचा. आमच्या गावच्या जमातीचा नियम होता. कुणी पितो असं कळलं की त्याला मशिदीच्या अंगणात बोलवायचे, सगळ्यांसमोर जाब विचारायचे आणि तो सुधरेपर्यंत त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. कडक होतं. पण त्या कडकपणाने सुधरलेली माणसं मी पाहिली आहेत. माझ्या बापालाही बोलावलं. तेव्हाचा जमातीचा मुख्य म्हणाला, "याचा बाप तसाच, आजा तसाच. हाडातच आहे. सोडा बिचाऱ्याला." सगळ्यांना दया आली. बाप हसत घरी आला. आईला म्हणाला, मला माफ केलं.

त्यानंतर त्याला कुणी काही विचारलं नाही. त्यानेही स्वतःला विचारलं नाही. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात तो पालथा सापडला. तिथे बकरी बुडेल एवढंही पाणी नव्हतं. सगळा गाव आला, बायका रडल्या, पुरुषांनी मान हलवली आणि म्हणाले, हाड.

मी लहान होतो, पण एवढं मला तेव्हाच समजलं की माझ्या बापाला दारूने अर्धा मारला होता, उरलेला त्या दयेने मारला.

पुढे मी बहरीनला आलो. डॉकमध्ये वेल्डिंग केलं. कामगारांच्या कॅम्पात खोलीतले लोक प्यायचे. मला प्यावीशी वाटली नाही असं मी म्हणणार नाही. वास आला की जीभ ओली व्हायची. म्हणजे हाड बोलत होतं, खोटं कशाला बोलू. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत नाही म्हटलं. खोली बदलली, तिथेही तेच, तिथेही नाही म्हटलं. ही गोष्ट कुणी लिहीत नाही, कारण तिच्यात काही घडत नाही. एक माणूस संध्याकाळी गुत्त्यावरून चालत पुढे जातो, एवढंच घडतं. बर्फ पडत नाही, कुणी मरत नाही. परीक्षेला कशी लागणार?

आता मुलाकडे येतो. माझा मुलगा एका कंपनीत हिशेबनीस आहे. त्याच्याच व्हिसावर मी इथे राहतो, हे तो कधी बोलून दाखवत नाही आणि मी कधी विसरत नाही. सहा-आठ महिने झाले असतील, त्याच्या गाडीचा पुढचा बंपर फुटला. नात म्हणाली, पार्किंगमध्ये लागलं. मी मान हलवली. पण त्या दिवशी मुलगा घरात आला तो वेलची चघळत आला, आणि चपला काढताना त्याने भिंतीला हात लावला. मी माझ्या बापाला उंबऱ्यात तसाच हात लावताना पाहिलेलं आहे. मला दुसरा पुरावा नको होता.

बाल्कनीत मी नातीला सरळ विचारलं. ती रडायला लागली. तो तिला कॉलेजातून घेऊन येत होता. ईसा टाउनच्या सिग्नलला गाडी दुभाजकावर चढली. तो स्टीअरिंगवर हसत बसला होता. पुढे शाळेची बस होती, पोरांनी भरलेली. थोडक्यात वाचलं. हे काही पहिल्यांदा झालेलं नव्हतं, फक्त कळलं पहिल्यांदा. तिने आणि तिच्या आईने मिळून ते झाकलं होतं.

मग ती डोळे पुसून म्हणाली, "दादा, तुम्ही अब्बांवर रागावू नका. तुमचे वडील प्यायचे ना? मला जमातीतल्या एका चाचीने सांगितलं. हे रक्तातून येतं. अब्बांचा यात दोष नाही."

"आणि मी? माझ्या रक्तात काय, सरबत होतं?"

ती म्हणाली, कधीकधी ते एका पिढीला सोडून पुढच्या पिढीत जातं. तुम्हाला कदाचित आलंच नसेल.

माझ्या अंगाची लाही झाली. आयुष्यभर रोज नाही म्हणत मी जे उभं केलं, ते या पोरीने एका वाक्यात माझ्याकडून काढून घेतलं आणि सोडतीच्या चिठ्ठीसारखं नशिबाच्या खात्यात टाकलं. मी तिला पुष्कळ बोललो. तीही माझीच नात, तिने उलटं विचारलं, "तुम्ही तरी उठताबसता तकदीर म्हणताच ना? मग त्यात आणि यात फरक काय?"

मी म्हटलं, फरक असा की तकदीर लिहिणारा उद्या जाब विचारणार आहे. तुझा बर्फ कुणाला जाब विचारत नाही. ज्याला जाब विचारायचा नाही, त्याला माणूस कशाला म्हणायचं? पिंप म्हण.

डॉक्टरकडे न्या, मी आडवा येत नाही, हेही मी सांगितलं. औषध असेल तर घ्यावं. पण डॉक्टरने विचारलं, कोण पितं, तर तुझ्या अब्बाने "माझे आजोबा" असं उत्तर देऊन चालायचं नाही.

मुलाशी बोललो. तो म्हणाला, ऑफिसची माणसं बसतात, त्यांच्यात बसावं लागतं, टेन्शन असतं, तुम्हाला नाही कळणार. सून म्हणाली, नजर लागली आहे, गावाहून दुआ फुंकून दम केलेलं पाणी मागवलंय. म्हणजे एकाचं ऑफिस, एकीची नजर, एकीचं रक्त. घरात सगळे होते, फक्त प्यायलेला माणूस कुठे सापडत नव्हता. आणि गाडी रोज निघत होती. खिडकीतून ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी बघत बसायचो. कुणाचं पोर तिच्यासमोर येईल, हे मला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की असंच चाललं तर येईल.

म्हणून मी ते केलं, ज्याबद्दल घरात अजून माझ्याशी नीट कुणी बोलत नाही.

आमच्या गावची जमात इथे बहरीनमध्येही आहे. थंडीत एका शुक्रवारी बुदैयाकडे एक फार्म भाड्याने घेतात. खजुराची झाडं, पोहायची टाकी, एका बाजूला बायकांचा तंबू. पुरुष सकाळपासून देगीत पुलाव शिजवतात. जुम्म्याची नमाज होते, जेवण होतं, मग गावच्या कामांची बोलणी. मशिदीचं छप्पर, कब्रस्तानचा दगडी गडगा. सगळ्यात शेवटी जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, उभा राहून विचारतो, कुणाची काही तक्रार? हे गावापासून चालत आलेलं आहे. इथे कुणी तक्रार करत नाही. सगळे पोटावर हात ठेवून बसलेले असतात. सदर म्हणतो, चला, खलास, आणि चहा येतो.

यंदा त्याने विचारलं आणि मी उभा राहिलो.

सदर हसला. म्हणाला, "चाचा, पुलावात मीठ कमी होतं, आम्हाला मान्य आहे." लोक हसले.

मी म्हटलं, "तक्रार माझ्या मुलाची आहे. तो पितो आणि गाडी चालवतो."

मुलगा समोर बसला होता. त्याच्या हातात मोबाइल होता, तो त्याने उलटा करून मांडीवर ठेवला. पोहायच्या टाकीत पोरं इंग्रजीत ओरडत होती, तेवढाच आवाज. सदर बिचारा नव्या पिढीचा, मोठ्या बँकेत कामाला. त्याने घाईने सावरून घेतलं. म्हणाला, चाचा, घरातली गोष्ट घरात बोलू. इथे नोकरीचं दडपण असतं, संगत असते, परिस्थिती माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

मग माझ्या शेजारी बसलेल्याने माझा हात धरला. तो माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा, मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. माझ्या बापाला माफ करणारा जो जमातीचा मुख्य, त्याचा हा मुलगा. मन वाईट नाही त्याचं. हळूच, प्रेमाने म्हणाला, "बस रे, बस. पोराला कशाला उघडं पाडतोस? तुझ्या बापाचं हाड आहे ते. तू त्यातून सुटलास हेच नवल समज."

मी हात सोडवून घेतला. मी त्याला सांगितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तुझ्या बापाने माझ्या बापाला हेच म्हणून सोडला होता. सोडला तो थेट चिखलात सापडला. माझ्या मुलाला मी तसा सुटू देणार नाही. त्याला जाब विचारा. शिव्या द्या. पण बिचारा म्हणू नका.

नात बायकांच्या तंबूतून बाहेर येऊन कनातीपाशी उभी होती. ती मराठीतच म्हणाली, आणि नेहमीसारखी अडखळली नाही, "दादा, तुम्ही त्यांना मारून टाकताय."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी मुलाकडे पाहत होतो. सदराने त्याला एक दरवाजा उघडून दिला होता, दुकानदाराने दुसरा. परिस्थिती म्हण, नाहीतर हाड म्हण, आणि चहा पिऊन घरी जा. सगळे मान हलवायला तयार बसले होते. त्याने काय निवडायचं, ते मी त्याच्यासाठी निवडू शकत नव्हतो. मी खाली बसलो नाही.

तो उठला. चेहरा लाल झाला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "समाधान झालं, अब्बा?"

मी म्हटलं, "अजून नाही."

तो सदराकडे वळला. "परिस्थिती नाही आणि हाडबीड काही नाही. मला कुणी पाजत नाही. मी पितो. मला आवडते, म्हणून पितो. त्या दिवशी गाडीत माझी पोरगी होती आणि समोर शाळेची बस होती, तरी प्यायलो होतो." मग म्हणाला, "सोडेन की नाही, आत्ता सांगत नाही. खोटं बोलायचं नाही मला. गाडीची चावी आजपासून हिच्याकडे." आणि त्याने चावी काढून नातीच्या हातात दिली.

इथे बहरीनमध्ये असा प्रसंग कधी आलाच नव्हता. सदराने दुकानदाराला विचारलं की गावाकडे अशा वेळी काय करायचे. त्याने खाली बघत सांगितलं की कबूल करणाऱ्याला पैशाचा दंड नसायचा. त्या दिवशीच्या देगी त्याने एकट्याने घासायच्या, सगळ्यांच्या देखत. घासून झाल्या की विषय संपला, पुन्हा कुणी टोचायचं नाही. सदर म्हणाला, छे, छे, फार्मवर माणूस आहे त्या कामाला, आपण नुसतं लिहून ठेवू.

मुलाने घड्याळ काढून सदराच्याच हातात दिलं. बाह्या वर सारल्या. नळापाशी देगी पडल्या होत्या, तळाला भात करपून चिकटलेला. तो उकिडवा बसला. हिशेबनिसाचे हात, त्यांना देग कुठून धरायची ते ठाऊक नव्हतं. पहिली तर त्याच्या पायावरच कलंडली. फार्मवरचा माणूस धावत आला, त्याला त्याने हाताने परत पाठवलं. लोक हळूहळू चहाकडे सरकले, काहींनी पाठ फिरवली, काही बघत राहिले. सून तंबूतून बाहेर आली नाही.

नातीने चावी कमरेला खोचली आणि ओढणी बांधून त्याच्याकडे निघाली. मी तिला अडवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं आजवर कुणी पाहिलेलं नाही. म्हणाली, "ते माझे अब्बा आहेत."

मी म्हटलं, "म्हणूनच. त्याचं आहे, त्याला करू दे."

ती गेली नाही, पण माझ्याजवळही थांबली नाही. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मी खुर्ची ओढून नळाजवळ नेली आणि बसलो. ऊन उतरत होतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो वाळू घेऊन घासत होता, पाणी ओतत होता, परत घासत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. शेवटची देग त्याने पालथी घालून निथळली आणि भिंतीला टेकवून ठेवायला उचलली.

मी म्हटलं, "तळाला राहिलंय."

"दिसतंय मला," तो म्हणाला, आणि देग परत खाली ठेवून त्याने वाळूची मूठ भरली.